ओंजळभर सोयाबीन

त्या वर्षी मका वाचला आणि घेवडा गेला.

फिदेन्सिओच्या शेतात दोन्ही एकत्रच असत. मक्याचं ताट जरा उंच झालं की घेवड्याचा वेल त्याला धरून वर चढायचा. ऑक्टोबरच्या शेवटी, शेंगा नुकत्या भरत असताना, एका पहाटे डोंगरावरून थंडी उतरली. सकाळी सगळा वेल काळा पडलेला, कुणी उकळतं पाणी ओतल्यासारखा. मक्याची कणसं वाळत आली होती, त्यांना काही झालं नाही. फिदेन्सिओनं एक शेंग सोलली. दाणा होता, पण नखानं दाबला की पाणी सुटत होतं.

बांधापलीकडून नाबोर आला. बैल सोडून तो तसाच आला होता, हातात कासरा.

"तुझाही गेला?"

"गेला."

"मका आहे ना. मीठ-भाकरीला मरण नाही."

"नाही," फिदेन्सिओ म्हणाला.

पण घरात त्रिनी होती. त्रिनी दोन वर्षांची. मे महिन्यात तिची आई एर्मेलिंदा बाळंतपणात गेली, पोटातलं मूलही गेलं. त्रिनीचं अंगावरचं दूध त्या दिवशी तुटलं. पावसाळाभर आजीनं, एर्मेलिंदाच्या आईनं ब्रिहिदानं, तिला घेवड्याचं पाणी, कुस्करलेला घेवडा आणि भाकरी यावर सांभाळलं. कोंबड्या होत्या त्या रोगानं मेल्या. आता मागच्या वर्षीचा घेवडा मडक्याच्या तळाशी आला होता, आणि बाजारात भाव असा की हात लावून मागं घ्यावा.

नोव्हेंबरच्या मध्याला मडकं रिकामं झालं. त्यानंतर भाकरी, मीठ, मिरची. मोठ्यांचं भागत होतं. त्रिनी भाकरीचा तुकडा हातात धरून बसायची. तिचा चेहरा भरलेला दिसू लागला, तेव्हा फिदेन्सिओला बरं वाटलं. पोरगी बाळसं धरतेय, असं तो सासूला म्हणालाही. ब्रिहिदानं नातीचा पाय हातात घेतला आणि अंगठ्यानं दाबला. खळगा पडला, आणि तसाच राहिला.

"हे बाळसं नव्हे," ब्रिहिदा म्हणाली. "माझा तिसरा मुलगा असाच गेला."

खालच्या गावच्या दवाखान्यातून आम्पारो नावाची नर्स महिन्यातून एकदा चढून यायची. शाळेच्या ओसरीवर वजनाचा काटा टांगायची. तिनं त्रिनीला काट्याच्या झोळीत बसवलं, केसांची एक बट उजेडात धरून पाहिली. केस मुळाशी तांबूस झाले होते.

"काय खाते?"

"भाकरी."

"अजून?"

फिदेन्सिओनं नजर काट्याकडे वळवली.

"दूध? अंडं?"

"नाही."

"घेवडा?"

"थंडीनं गेला, बाई. सगळ्यांचाच गेला."

आम्पारो स्वतः याच डोंगरातली होती. तिनं त्याला दोष दिला नाही. ती म्हणाली, "भाऊ, एका बैलानं नांगर चालतो का? मका हा एक बैल आहे. अंगात मांस धरायला जे लागतं ते मक्यात पुरतं नाही. जे उणं आहे ते शेंगेच्या दाण्यात असतं. दोन्ही जोडीनं पोटात गेले तरच ओढतात. तुमच्या आजा-पणजानं घेवडा मक्याच्या अंगावर चढवला तो उगीच नाही."

मग तिनं सोयाबीनची एक पिशवी काढली. दवाखान्यात वाटायला आली होती. "ही भाकरीशिवाय दुसरं काही तोंडात घेत नाही ना? मग भाकरीतच घाला. दहा ओंजळी मक्याला एक ओंजळ. पाणी खळखळ उकळू द्या, त्यात हे टाका, चांगलं शिजू द्या, मग त्याच पाण्यात मका आणि चुना. भिजत घालू नका. ऐकताय ना?"

"ऐकतोय."

पण तो ऐकत नव्हता. झोळीतून उतरवलेली त्रिनी त्याच्या खांद्यावर डोकं टाकून होती, आणि शेजारी उभ्या असलेल्या मेहुणीकडे त्याचं लक्ष होतं.

ओफेलिया एर्मेलिंदाची धाकटी बहीण. पुएब्ला शहरात कामाला होती, दोन दिवसांसाठी आली होती. शाळेपासून घरापर्यंतच्या चढावर ती पुढं चालत होती. अंगणात आल्यावर म्हणाली, "दाजी, मी स्पष्ट सांगते. फेब्रुवारीत कांदेलारियाच्या, मेणबत्त्यांच्या सणाला मी परत येईन. पोर अशीच असली तर मी तिला घेऊन जाईन."

"माझी मुलगी आहे ती."

"माझ्या बहिणीचीही आहे. तिला पुरलं तेव्हा मला निरोप उशिरा मिळाला. हिच्या वेळी मी उशिरा येणार नाही."

फिदेन्सिओला राग आला. पण तो कशावर काढावा हे कळेना. तो गोठ्यात गेला आणि बैलांपुढं कडबा टाकत बसला.

*

पिशवी तशीच आढ्याला टांगलेली राहिली. ब्रिहिदानं ती नाकाला लावून पाहिली होती. "हे खाली सपाटीच्या मुलखात डुकरांना घालतात. मी पाहिलंय. मक्यात दुसरं काही मिसळलं तर मका रुसतो. माझ्या आईनं सांडलेला एक दाणा कधी जमिनीवर राहू दिला नाही, आणि मी त्यात डुकराचं खाणं मिसळू?"

"नर्सनं सांगितलंय, आई."

"सांगू दे. मी ते डोक्यावर घेऊन गिरणीत जाणार नाही. तुला न्यायचं तर तू ने."

म्हणून एका संध्याकाळी त्यानंच सगळं केलं. भाकरीचा मका आधी चुन्यात शिजवतात आणि ओलाच दळतात, ते त्यानं जन्मभर पाहिलं होतं. केला कधीच नव्हता. पाणी, चुना, मका. दाणा बोटांत चोळला की साल सुटते का, ते पाहायचं. ते जमलं. सोयाबीनचं मात्र त्यानं घेवड्यासारखं केलं. घरात घेवडा नेहमी रात्री गार पाण्यात भिजत पडायचा, सकाळी टपोरा व्हायचा. एर्मेलिंदा तसंच करायची. त्यानंही दोन ओंजळी सोयाबीन रात्री भिजत घातलं. सकाळी दाणे फुगलेले पाहून त्याला समाधान वाटलं. धुतलेल्या मक्यात ते मिसळून, बादली हातात धरून तो गिरणीकडे निघाला.

गिरणीपुढं बायांची रांग होती. पुरुष तिथं येत नसत. एखाद्याची बायको आजारी असली तर तो शेजारणीला पाठवायचा. फिदेन्सिओ शेवटी उभा राहिला. बोलणं थांबलं, मग पुन्हा सुरू झालं, जरा हळू.

"फिदेन्सिओ भाऊ, रांग चुकली का? दारूचं दुकान वर आहे," चोना म्हणाली. तिची जीभ गावाला माहीत होती.

"दळायचंय."

"अरे देवा. मग ओढणी तरी घ्यायची डोक्यावर. थंडी किती आहे!"

बाया हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "हसू नका गं. बिचाऱ्याचं कोण आहे." ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

गिरणी रेमेदिओस मावशींची. गावात मोठ्या बायांना सगळे मावशीच म्हणत. तिथला नियम जुना होता. पांढरा मका आधी, पिवळा मग, निळा सगळ्यात शेवटी. कारण जात्याच्या दगडांत आधीच्या बाईचं थोडं पीठ राहतंच, आणि ते पुढच्या बाईच्या गोळ्यात उतरतं. पांढऱ्यात निळी रेघ आली की भांडण. फिदेन्सिओचा मका पांढरा होता, म्हणून म्हातारीनं त्याला पुढं ढकललं. "जाऊ दे रे त्याला, घरी पोर आहे." त्याच्या मागं अजून निम्मी रांग उभी होती.

मावशींनी बादली ओतली. पट्टा फिरला, दगड घरघरले. आणि वास आला. हिरवा, कच्चा, ओल्या गवताचा आणि जुन्या तेलाचा. पीठ बाहेर पडलं ते चिकट, जरा पिवळसर. मावशींनी पट्टा थांबवला.

"काय घातलंस यात?"

"सोयाबीन. नर्सनं दिलंय."

"पेंडीचं सोयाबीन? माझ्या दगडांत?"

चोना पुढं येऊन वास घेऊन गेली. "डुक्कर पाळलंस वाटतं, भाऊ. घरात."

कुणी हसलं नाही. मावशींनी दगडांवर पाणी ओतलं, ब्रशनं घासलं, पुन्हा पाणी ओतलं. पुढचीचा मका टाकला. पीठ आलं, तिनं चिमूट तोंडात घातली आणि थुंकली. त्या सकाळी सात-आठ घरांच्या भाकऱ्यांना तो वास लागला. एका घरी म्हणे नवऱ्यानं भाकरी भिंतीवर मारली.

दुपारी मावशी स्वतः अंगणात आल्या. आत आल्या नाहीत. "फिदेन्सिओ, तुझ्याशी माझं वैर नाही. एर्मेलिंदा माझ्या दारात लहानाची मोठी झाली. पण तुझी बादली आता नको."

"नुसता मका आणीन, मावशी."

"कशावरून नुसता? मी काय प्रत्येक दाणा बघत बसू? बायकांनी सांगितलंय, तुझी बादली आली तर आम्ही खालच्या गावच्या गिरणीत जातो. मग मी काय खाऊ?"

तो दारात उभा राहून ऐकत होता. मावशींनी पदरासारखी शाल तोंडाशी धरली होती. बोलताना त्यांनी एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही.

वास होताच, पण त्यानं त्या पिठाच्या भाकऱ्या भाजल्या. ओबडधोबड झाल्या. ब्रिहिदानं शिवल्या नाहीत. त्रिनीनं मात्र, का कोण जाणे, एक पूर्ण खाल्ली. त्याला वाटलं, जिंकलो. संध्याकाळपासून पोरीला जुलाब लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती इतकी गळाली की डोळे उघडेना. फिदेन्सिओनं तिला शालीत बांधून पाठीवर घेतलं आणि दवाखान्याची उतरण धरली. वाटेत तो तिच्याशी बोलत राहिला. काय बोलत होता ते त्याला नंतर आठवलं नाही. पाठीवरचं वजन इतकं कमी होतं की दर थोड्या वेळानं तो हात मागं नेऊन चाचपायचा.

आम्पारोनं साखर-मिठाचं पाणी चमच्यानं पाजलं. पोरगी टिकली. मग ती त्याच्याकडे वळली.

"भिजत घातलंत?"

"घेवडा घालतात तसं. दोन ओंजळी."

"आणि कच्चंच दळलंत."

"भाकरी भाजतेच ना तव्यावर."

"भाकरी तव्यावर असते किती वेळ? कच्चं सोयाबीन पोटाला बाधतं. चांगलं शिजलं की त्यातलं बाधणारं ते जातं. आणि गार पाण्यात भिजवून दळलं की तो वास सुटतो. उकळत्या पाण्यात पडलं की सुटत नाही. मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," फिदेन्सिओ म्हणाला. त्याला दुसरं काही म्हणता येईना.

ती जरा नरम झाली. "परत करून बघा. सोडू नका. आणि दहाला एक, दोन नाही."

*

घरी शिजवणं त्याच्या हातात होतं. दळणार कुठं?

ब्रिहिदाची बोटं सांधेदुखीनं वाकडी झाली होती. ती भाकरी थापायची, जाडी, पण वरवंटा धरणं तिला जमत नव्हतं. पाटा-वरवंटा घरात होता. तो एर्मेलिंदाचा. काळ्या दगडाचा, तीन पायांचा, लग्नात ब्रिहिदानंच दिलेला. गिरणीतून आणलेलं पीठ एर्मेलिंदा रोज त्यावर एकदा फिरवून घ्यायची, त्याशिवाय भाकरी मऊ होत नाही म्हणायची. तिला पुरून आल्यावर ब्रिहिदानं पाटा धुतला आणि तोंड भिंतीकडे करून उभा ठेवला. त्याला नंतर कुणी हात लावला नव्हता.

"आई, मी पाटा घेतो."

"काय?"

"दळायला."

ब्रिहिदा चुलीपासून उठली. तिला उठायला वेळ लागायचा. ती पूर्ण उभी राहीपर्यंत तो थांबला.

"पुरुष पाट्यापुढं गुडघे टेकत नाही," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं कधी टेकले नाहीत. तुझ्या बापानं टेकले नाहीत. आणि तो पाटा तिचा आहे."

"ती नाही."

हे त्यानं मोठ्यानं पहिल्यांदाच म्हटलं. म्हातारीचा चेहरा हलला. त्रिनी चटईवर पडून होती, सुजलेले पाय पुढं. ब्रिहिदानं तिच्याकडे पाहिलं, मग ती बाहेर गेली आणि अंगणातल्या दगडावर पाठ करून बसली. हो म्हणाली नाही. नाही असंही पुन्हा म्हणाली नाही.

त्यानं पाटा वळवला. मधोमध दगड झिजून उथळ झाला होता. त्या संध्याकाळी त्यानं पाणी खळखळू दिलं, मग सोयाबीन टाकलं. चिमटीत दाणा चिरडेपर्यंत शिजू दिलं, मग मका, मग चुना. सकाळी सगळं चोळून धुतलं. साल पाण्यावर तरंगून गेली. त्यानं वाकून वास घेतला. मक्याचा वास होता, चुन्याचा, आणि थोडा उकडलेल्या शेंगेचा.

गुडघे टेकले. पहिल्या मुठीतच कळलं की हे नांगर धरण्यापेक्षा अवघड आहे. दाणे वरवंट्याखालून निसटून कडेला पळायचे. खांदे भरून आले, पोटऱ्यांना गोळे आले, गुडघ्यांखाली माती टोचू लागली. पीठ होईना, नुसता भरडा. तो दात खाऊन हातानं रेटत राहिला.

"मनगटानं नको," दारातून आवाज आला. ब्रिहिदा केव्हा आली होती कोण जाणे. "हातानं दळतात का? पाठीनं ढकल. सगळं अंग पुढं टाक. आणि परत येताना ओढू नकोस, नुसतं येऊ दे."

तो तसं करू लागला.

"पाटा पुढं उतरता ठेव. खालचं पीठ ताटलीत पडलं पाहिजे. एका वेळी थोडं थोडं घे. एवढा ढीग कशाला? तुझा कुणी पाठलाग करतंय?"

"आई, तुम्ही आत येऊन सांगा ना."

"मी काही सांगत नाहीये," ती म्हणाली आणि आत येऊन बसली.

सूर्य कुंपणावर आला तेव्हा ताटलीत भाकऱ्यांपुरता गोळा झाला होता. म्हातारीनं त्यातली चिमूट घेतली, नाकाशी नेली, जिभेवर ठेवली. बराच वेळ ती चघळत राहिली.

"वास गेलाय," ती म्हणाली. "नुसत्या मक्यासारखं नाही. पण वास गेलाय." तिनं तवा चुलीवर चढवला आणि वाकड्या बोटांनी भाकरी थापायला घेतली.

हे रोजचं झालं. पहाटे दळणं, मग शेतातली कणसं काढणं, दुपारी सोलणं, संध्याकाळी मका शिजायला टाकणं, आणि मधे हात रिकामे असले की टोपीसाठी ताडाची पाती विणणं. कुंपणावरून लोकांना दिसायचं. नाबोरनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तसाच निघून गेला, आणि संध्याकाळी चावडीवर म्हणाला, "आमच्या फिदेन्सिओला आता नवरा बघायला हवा." लोक पोट धरून हसले. फिदेन्सिओही तिथंच होता. तो विणत राहिला. पाती घट्ट ओढताना त्याच्या गुडघ्यांवरच्या खपल्या ताणल्या जात होत्या.

"गुडघे दाखव की," कुणीतरी म्हणालं. "चर्चमध्ये एवढे टेकले असतेस तर संत झाला असतास."

"उद्या पहाटे ये," फिदेन्सिओ म्हणाला. "तूही टेक. दोन संत होऊ."

त्यावर जरा वेगळं हसले. मग विषय बदलला.

त्रिनी पहिले काही दिवस भाकरी चिवडायची. नंतर खाऊ लागली, अर्धी, मग एक. नाताळच्या आसपास एका सकाळी तिच्या पायांची सूज उतरलेली दिसली, आणि फिदेन्सिओ घाबरला. सुजेखाली काहीच नव्हतं. नुसती हाडं आणि सैल कातडी. आधीपेक्षा ती वाईट दिसत होती. तो आम्पारोला शोधत खाली गेला. "पाणी उतरलं," ती म्हणाली. "ही खरी पोरगी आता दिसली. आता हिच्यावर मांस चढवायचं." तिनं दुसरी पिशवी दिली.

जानेवारीत मांस चढलं म्हणण्याएवढं काही चढलं नाही. पण ती भिंत धरून उभी राहू लागली. कुत्र्याला हाका मारू लागली. एकदा फिदेन्सिओ दळत असताना मागून येऊन त्याच्या पाठीवर चढून बसली, आणि तो पुढं-मागं होईल तशी हिंदकळू लागली. तो थांबला नाही. थांबला असता तर ती उतरली असती.

*

ओफेलिया सणाच्या आदल्या दिवशी आली. लहान मुलीचा एक लोकरी कोट आणि बूट तिनं बरोबर आणले होते, नवे. त्याच दिवशी शाळेत वजन होतं. ती बरोबर गेली.

आम्पारोनं पाय दाबला. कातडी वर आली. काटा पाहून ती म्हणाली, "हलकीच आहे अजून. वयाच्या मानानं फार हलकी. पण चढणीला लागलीय."

"शहरात लवकर चढेल?" ओफेलियानं विचारलं.

नर्सनं फिदेन्सिओकडे पाहिलं. "दूध असलं, अंडी असली, तर चढेल. खोटं कशाला सांगू?"

घरी येताना फिदेन्सिओ विचार करत होता. त्याला वाटलं होतं की पोर जरा सुधारली की प्रश्न संपेल. तो संपला नव्हता. नवा घेवडा यायला अजून सगळा उन्हाळा आणि पावसाळा जायचा होता. पुन्हा थंडी पडली तर? दवाखान्यातल्या पिशव्या थांबल्या तर? आपण हिला ठेवून घेतोय ते हिच्यासाठी, की पहाटे पाठीवर कुणीतरी बसावं म्हणून? हे त्यानं स्वतःला विचारलं, आणि उत्तर त्याला आवडलं नाही.

रात्रीचं जेवण झाल्यावर तो म्हणाला, "ओफेलिया, ने तिला."

ब्रिहिदाचा हात चुलीवर थांबला.

"तिथं दूध आहे. मी काही अडवणार नाही. सुधारली की घेऊन ये. नाही आणलीस तरी चालेल. जगू दे."

ओफेलिया त्याच्याकडे पाहत राहिली. भांडायची तयारी करून ती आली होती, ती आता कुठं ठेवावी हे तिला कळेना. "उद्या पहाटेच्या गाडीनं," ती म्हणाली.

पहाटे तो उठला तेव्हा पाट्याजवळ कुणीतरी होतं. ओफेलिया गुडघे टेकून बसली होती. सोयाबीनबरोबर शिजवलेला मका धुऊन तयार होता.

"थांबा," ती म्हणाली. "मला एकदा दळू द्या. मला आईनं पाटा दिला नाही. मी शहरात पळून गेले होते ना."

ती दळू लागली. बारा वर्षांत हात विसरले होते, पण पाठ विसरली नव्हती. थोड्याच वेळात तिच्या तळहातांना फोड आले. ब्रिहिदा तवा तापवत होती, मुलीकडे पाहत नव्हती. पहिली भाकरी फुगली. त्रिनी डोळे चोळत उठून आली, सरळ चुलीपाशी बसली आणि हात पुढं केला. कुणी भाकरी देईपर्यंत तिनं तो तसाच धरून ठेवला.

ओफेलिया वरवंटा धरून तिचं खाणं पाहत होती.

"दाजी, मी सकाळी सहाला कामावर जाते," ती हळूच म्हणाली. "दुसऱ्याच्या मुलांना खाऊ घालते. रात्री येते. दुकानातून कागदात गुंडाळलेल्या भाकऱ्या आणते आणि उभ्यानं खाते. हिला दिवसभर घरमालकिणीकडे ठेवणार होते. ती बाई चांगली आहे. पण तिच्या पाच मुलांत ही सहावी."

फिदेन्सिओनं चुलीत लाकूड सरकवलं.

"दूध आहे तिथं. ते खरं आहे. हिच्या तोंडापर्यंत ते कोण नेणार, हे मी धरलंच नव्हतं. मला एर्मेलिंदाचं काहीतरी माझ्याकडे हवं होतं. बाकी मी विचारच केला नाही."

तिनं गोळा संपवला, हात धुतले. तळहात पाण्यात घालताना ती कळवळली. मग म्हणाली, "हिला इथंच राहू द्या. दूध पावडरचे डबे गाडीवाल्याबरोबर पाठवत जाईन. नाही म्हणू नका."

"नाही म्हणत नाही."

ब्रिहिदानं हे ऐकलं नव्हतं; त्रिनीला भाकरी देऊन ती उठली होती. त्रिनीचे कपडे गाठोड्यात बांधून तिनं ते दारात ठेवलं होतं आणि ती परसात गेली होती, कुणाला जाताना पाहावं लागू नये म्हणून. फिदेन्सिओनं कोट-बूट घातलेल्या त्रिनीला पाठीवर घेतलं, ओफेलियाची पिशवी उचलली आणि तो तिला गाडीपर्यंत पोचवायला गेला. चर्चपाशी मेणबत्त्या घेऊन बाया जमत होत्या. रेमेदिओस मावशींनी त्याला पाहिलं. जरा थांबून त्या म्हणाल्या, "शनिवारी मी दगडांना टाकी लावते, मग आधीचा वास राहत नाही. त्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या शेवटी आणत जा हवं तर. निळ्याच्याही नंतर."

"बघतो, मावशी."

गाडी आली. ओफेलियानं भाचीचा गाल हुंगला, आणि ती मागं न पाहता चढली.

तो परत आला तेव्हा ब्रिहिदा चुलीपुढं पाठमोरी बसली होती. उद्यासाठीचं पाणी तिनं चढवलं होतं.

"गाडी मिळाली?" तिनं न वळता विचारलं.

"मिळाली. ओफेलिया गेली."

म्हातारीनं मान हलवली. लाकूड उचललं, पुन्हा खाली ठेवलं. तिचे खांदे हलायला लागले. फिदेन्सिओ चुलीकडे आला. तेवढ्यात त्याच्या पाठीवरून त्रिनीनंच आवाज दिला, "आजी, भाकरी."

ब्रिहिदा वळली नाही. बाहीनं तिनं तोंड पुसलं, एकदा, मग पुन्हा एकदा.

"उभा काय राहिलास?" ती म्हणाली. "पाणी उकळतंय. टाक ते सोयाबीन."